अंकुर (बायबलमधील संकल्पना)

अंकुर (हिब्रू: त्सेमाह) ही हिब्रू बायबलमधील, म्हणजेच ख्रिस्ती परंपरेतील जुन्या करारातील, एक भविष्यवाणीविषयक संज्ञा आहे. बाबेलच्या बंदिवासानंतर यहूदी लोक आपल्या भूमीत परततील आणि दाविदाच्या तुटलेल्या राजवंशातून परमेश्वराने निवडलेला एक न्यायी अधिपती पुन्हा उभा राहील, अशी अपेक्षा या संज्ञेतून व्यक्त होते. यिर्मया आणि जखऱ्या या संदेष्ट्यांच्या ग्रंथांत ही संज्ञा थेट वापरलेली आहे. यशया, यहेज्केल आणि हाग्गय यांच्या ग्रंथांत हीच अपेक्षा इतर प्रतिमांतून मांडली आहे. इ.स.पू. 520 च्या सुमारास ही भाकिते यहूदाचा प्रांताधिकारी जरुब्बाबेल याच्याशी जोडली गेली. मात्र तो राजा झाला नाही. त्यामुळे या भाकितांचा अर्थ कसा लावावा, हा प्रश्न पुढील सर्व पिढ्यांपुढे राहिला. ज्यू आणि ख्रिस्ती धर्मांतील 'मसीहा' ही कल्पना घडण्यामागे या प्रश्नाचा मोठा वाटा आहे.

संज्ञा

'त्सेमाह' या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ जमिनीतून उगवणारे रोप किंवा कोंब असा आहे. झाडाच्या फांदीपेक्षा मुळापासून नव्याने फुटणाऱ्या वाढीचा बोध त्यातून होतो. यशयाच्या अकराव्या अध्यायात तोडलेल्या झाडाच्या बुंध्याला फुटणाऱ्या धुमाऱ्याचे चित्र आहे. तेथे मात्र 'होतेर' आणि 'नेत्सेर' हे वेगळे शब्द योजलेले आहेत. तो बुंधा इशायाचा, म्हणजे दाविदाच्या पित्याचा आहे. राजवंश तोडला गेला तरी त्याचे मूळ जिवंत आहे, असे या प्रतिमेतून सुचवले जाते.

या संज्ञेला राजकीय अर्थही होता. सायप्रस बेटावरील लापेथोस येथे सापडलेल्या इ.स.पू. तिसऱ्या शतकातील एका फिनिशियन शिलालेखात 'त्सेमाह त्सेदेक' हा शब्दप्रयोग 'कायदेशीर वारस' या अर्थाने आला आहे. यिर्मयाच्या ग्रंथातील 'धार्मिक अंकुर' हा प्रयोग याच्याशी मिळताजुळता असल्याने त्यात 'नीतिमान' आणि 'खरा वारस' असे दोन्ही अर्थ असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुआजिंटमध्ये, या शब्दासाठी 'अनातोले' हा शब्द वापरला आहे. त्याचा अर्थ 'उगवणे' असल्याने तो रोपाला आणि सूर्योदयाला सारखाच लागू होतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इ.स.पू. 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम जिंकले. अठरा वर्षांचा राजा यहोयाकीन, राजघराणे, अधिकारी आणि कारागीर यांना कैद करून बाबेलला नेण्यात आले. यहोयाकीनचा चुलता सिद्कीया याला मांडलिक म्हणून गादीवर बसवले गेले. त्याने बंड केल्यावर इ.स.पू. 586 च्या सुमारास (काहींच्या मते 587) शहर व मंदिर उद्ध्वस्त झाले आणि दाविदाच्या घराण्याची सुमारे चार शतकांची सत्ता संपली.

यहोयाकीन मात्र बाबेलमध्ये जिवंत होता. रॉबर्ट कोल्डेवाय यांच्या उत्खननात बाबेलमध्ये सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर राजवाड्यातून दिल्या जाणाऱ्या शिध्याची नोंद आहे. त्यांत यहूदाचा राजा यहोयाकीन आणि त्याचे पाच पुत्र यांना दिलेल्या तेलाचा उल्लेख आढळतो. या पाट्यांचा अभ्यास एर्न्स्ट वाइडनर यांनी 1939 मध्ये प्रसिद्ध केला. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस यहोयाकीनला बंदिवासाच्या सदतिसाव्या वर्षी कैदेतून मुक्त करून राजाच्या पंक्तीत जेवायला बसवल्याचे सांगितले आहे. गादी गेली, पण वंश टिकला, या वस्तुस्थितीवर पुढील भाकितांचा पाया आहे.

बंदिवासकाळातील भाकिते

यिर्मया

यिर्मयाच्या भाकितांत दोन परस्परविरोधी वाटणारी विधाने आहेत. बाविसाव्या अध्यायात तो म्हणतो की यहोयाकीन परमेश्वराच्या उजव्या हातातील मुद्रेची अंगठी असता, तरीही ती काढून टाकली गेली असती. त्याच्या संततीपैकी कोणीही दाविदाच्या गादीवर बसणार नाही, असेही तो जाहीर करतो. लगेच पुढच्या अध्यायात कळपाची पांगापांग करणाऱ्या मेंढपाळांचा, म्हणजे राज्यकर्त्यांचा, धिक्कार करून दाविदासाठी एक धार्मिक अंकुर उगवला जाईल आणि तो देशात न्यायाने राज्य करील, असे आश्वासन येते. या भावी राजाच्या नावाचा अर्थ 'परमेश्वर आमची धार्मिकता' असा आहे. सिद्कीया या नावाचा अर्थही जवळजवळ हाच असल्याने, तेव्हाच्या दुर्बळ राजावरील ती टीका समजली जाते.

तिसाव्या अध्यायात हा अधिपती परका नसून लोकांमधूनच निघेल आणि परमेश्वर त्याला आपल्या समीप येऊ देईल, असे म्हटले आहे. परक्या सत्तेने नेमलेल्या अधिकाऱ्यांखाली राहणाऱ्या लोकांसाठी या वचनाचे महत्त्व मोठे होते. अंकुराचे भाकीत तेहतिसाव्या अध्यायात पुन्हा येते आणि तेथे लेवी याजकांच्या वंशालाही तसेच आश्वासन दिले आहे. हा भाग ग्रीक भाषांतरात आढळत नाही. त्यामुळे तो नंतरच्या काळात जोडला गेला असावा, असे बरेच अभ्यासक मानतात.

यहेज्केल

यहेज्केल हा इ.स.पू. 597 मध्ये बाबेलला नेलेल्या याजकांपैकी एक होता. चौतिसाव्या अध्यायात तो स्वतःचेच पोट भरणाऱ्या मेंढपाळांवर टीका करतो. परमेश्वर स्वतः कळपाची काळजी घेईल आणि मग आपला सेवक दावीद याला एकमेव मेंढपाळ म्हणून नेमील, असे तो सांगतो. सदतिसाव्या अध्यायात दोन काठ्या एकत्र जोडण्याच्या कृतीतून उत्तर व दक्षिण राज्यांचे एकाच राजाखालील ऐक्य सूचित केले आहे.

यहेज्केल या नेत्यासाठी प्रामुख्याने 'नासी' (अधिपती) हा शब्द वापरतो. 'मेलेख' (राजा) हा शब्द तो क्वचितच योजतो. ग्रंथाच्या शेवटच्या नऊ अध्यायांतील नव्या मंदिराच्या आराखड्यात या अधिपतीचे अधिकार स्पष्टपणे मर्यादित केले आहेत. त्याला जमिनीचा ठरावीक वाटा मिळतो, पण लोकांची वतने बळकावण्याची त्याला मनाई आहे. त्याने यज्ञासाठीची सामग्री पुरवायची असते, तर यज्ञ करण्याचा अधिकार याजकांचाच राहतो. पुनःस्थापना म्हणजे जुन्या राजेशाहीची हुबेहूब पुनरावृत्ती नव्हे, हा विचार येथे दिसतो.

कोरेश

यशयाच्या ग्रंथाचे 40 ते 55 हे अध्याय बंदिवासाच्या अखेरच्या काळातील एका अनामिक संदेष्ट्याचे आहेत, असे आधुनिक समीक्षक मानतात. त्याला 'दुसरा यशया' असे संबोधले जाते. येथे 'मेंढपाळ' आणि 'अभिषिक्त' (माशियाह) या पदव्या दाविदाच्या वंशजाऐवजी इराणचा राजा कोरेश (दुसरा सायरस) याला दिल्या आहेत. हिब्रू बायबलमध्ये परकीय राजाला 'अभिषिक्त' म्हटल्याचे हे एकमेव उदाहरण आहे.

कोरेशने इ.स.पू. 539 मध्ये बाबेल जिंकले. एज्राच्या पुस्तकानुसार त्याने पुढील वर्षी यहूद्यांना परतण्याची आणि मंदिर बांधण्याची परवानगी दिली. 1879 मध्ये बाबेलमध्ये सापडलेल्या 'सायरस सिलिंडर' या मातीच्या दंडगोलावर मर्दुक या बाबेलच्या देवाने कोरेशची निवड केल्याचे म्हटले आहे. त्यात यहूदी किंवा यरुशलेम यांचा उल्लेख नाही. तथापि मूर्ती व लोक आपापल्या ठिकाणी परत पाठवल्याचा उल्लेख आहे. ही वस्तू ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात असून 2013-14 मध्ये ती मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात प्रदर्शित करण्यात आली होती.

परतीनंतरची भाकिते

परतलेल्या लोकांचा पहिला नेता म्हणून एज्राच्या पुस्तकात शेशबस्सर याचे नाव येते. त्यानंतर जरुब्बाबेल आणि प्रमुख याजक यहोशवा (येशूवा) हे दोघे पुढे येतात. जरुब्बाबेल हा यहोयाकीनचा नातू होता. हाग्गय आणि एज्रा यांच्या पुस्तकांत त्याला शल्तीएलचा पुत्र म्हटले आहे, तर पहिल्या इतिहासाच्या पुस्तकात पदायाचा. त्याच्या नावाचा अर्थ अक्कादी भाषेत 'बाबेलचे बीज' असा होतो. म्हणजेच दाविदाचा हा वारस बंदिवासात वाढलेला, बाबेलचे नाव धारण करणारा आणि इराणी सम्राटाने नेमलेला अधिकारी होता.

हाग्गय

हाग्गयची भाकिते पहिल्या दारयावेशाच्या दुसऱ्या वर्षातील, म्हणजे इ.स.पू. 520 मधील आहेत. ती सुमारे चार महिन्यांच्या काळात उच्चारलेली असून प्रत्येकीची तारीख ग्रंथात नोंदलेली आहे. लोक स्वतःची घरे बांधत असताना मंदिर ओसाड पडले आहे आणि म्हणूनच पीकपाणी साधत नाही, असे तो सुनावतो. अखेरच्या भाकितात परमेश्वर राष्ट्रांची सिंहासने उलथून टाकील आणि जरुब्बाबेलला मुद्रेच्या अंगठीसारखे करील, असे म्हटले आहे. यिर्मयाने आजोबाला लावलेली प्रतिमाच येथे नातवासाठी उलट अर्थाने वापरली आहे. काढून टाकलेली अंगठी पुन्हा बोटात घातली जाते आणि यहोयाकीनवरील शाप मागे घेतल्याचे त्यातून सूचित होते.

या भाकिताची वेळही लक्षणीय आहे. दारयावेश गादीवर आला तेव्हा साम्राज्यात ठिकठिकाणी बंडे झाली होती. बेहिस्तून येथील त्याच्या शिलालेखानुसार बाबेलमध्ये दोन व्यक्तींनी एकापाठोपाठ एक नबुखद्नेस्सर हे नाव घेऊन राजेपद बळकावण्याचा प्रयत्न केला. अशा काळात एका प्रांताधिकाऱ्याला परमेश्वराचा निवडलेला म्हणणे राजकीय दृष्ट्या धोक्याचे होते.

जखऱ्या

हाग्गयचा समकालीन जखऱ्या नेतृत्वाची जोडी कल्पितो. चौथ्या अध्यायातील दृष्टान्तात सोन्याच्या दीपवृक्षाच्या दोन्ही बाजूंना जैतुनाची दोन झाडे आहेत. ती दोन अभिषिक्तांची प्रतीके आहेत. संदर्भावरून हे दोघे जरुब्बाबेल आणि यहोशवा असल्याचे मानले जाते. मंदिराचा पाया ज्या हातांनी घातला तेच हात ते पूर्ण करतील, पण हे काम लष्करी बळाने नव्हे तर परमेश्वराच्या आत्म्याने होईल, असे जरुब्बाबेलला सांगितले आहे.

सहाव्या अध्यायातील उताऱ्याची सर्वाधिक चर्चा झाली आहे. बाबेलहून आलेल्या लोकांकडून सोने-चांदी घेऊन मुकुट घडवण्याची आज्ञा होते. हिब्रू संहितेत 'मुकुट' हा शब्द अनेकवचनी आहे. तो यहोशवाच्या डोक्यावर ठेवला जातो आणि त्याच वेळी अंकुर नावाचा पुरुष मंदिर बांधील व सिंहासनावर बसेल, असे सांगितले जाते. पण मंदिर बांधणारा जरुब्बाबेल होता. त्यामुळे मूळ संहितेत जरुब्बाबेलचे नाव होते आणि पुढे ते वगळले गेले, असा तर्क युलिउस वेलहाउझेन आदी समीक्षकांनी मांडला. इतर अभ्यासकांच्या मते एक मुकुट याजकासाठी होता आणि दुसरा येणाऱ्या राजाच्या प्रतीक्षेत मंदिरात ठेवला गेला. या दुसऱ्या मतानुसार जखऱ्याने 'अंकुर' ही संज्ञा सुरुवातीपासूनच भविष्यासाठी राखून ठेवली होती.

भाकितांची परिणती

मंदिर इ.स.पू. 515 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या समर्पणाच्या वर्णनात वडीलजन, याजक आणि लेवी यांचा उल्लेख आहे, पण जरुब्बाबेलचा नाही. त्याला पदावरून दूर करण्यात आले, मृत्युदंड झाला किंवा त्याचा नैसर्गिक मृत्यू झाला, असे वेगवेगळे तर्क केले जातात. त्यांपैकी कशालाही थेट पुरावा उपलब्ध नाही.

दाविदाच्या वंशाची प्रतिष्ठा लगेच नाहीशी झाली नाही. पहिल्या इतिहासाच्या तिसऱ्या अध्यायात जरुब्बाबेलच्या वंशजांची अनेक पिढ्यांची यादी दिली आहे. तथापि राजकीय सत्ता इराणने नेमलेल्या प्रांताधिकाऱ्यांकडे आणि धार्मिक सत्ता प्रमुख याजकांकडे राहिली. इ.स.पू. 445 मध्ये यरुशलेमेत आलेल्या नहेम्यावर शत्रूंनी असा आरोप केला की, आपल्याला यहूदाचा राजा म्हणून घोषित करण्यासाठी त्याने संदेष्टे नेमले आहेत. नहेम्याने तो नाकारला. अशी भविष्यवाणी हे राजद्रोहाचे साधन मानले जाऊ शकत होते, हे या प्रसंगावरून दिसते.

प्रत्यक्षात न उतरलेले भाकीत खोटे ठरवून टाकून देण्याऐवजी ते पुढील काळासाठी जपले गेले. जखऱ्याच्या ग्रंथाच्या उत्तरार्धात, जो सामान्यतः नंतरच्या काळातील मानला जातो, गाढवावर बसून येणाऱ्या नम्र राजाचे चित्र आहे. त्याला कोणत्याही समकालीन व्यक्तीचे नाव दिलेले नाही.

ज्यू परंपरा

मृत समुद्राजवळील कुमरान येथे सापडलेल्या हस्तलिखितांत 'दाविदाचा अंकुर' ही संज्ञा भावी मसीहासाठी येते. याच समूहाच्या नियमावलीत अहरोनाचा आणि इस्रायलचा अशा दोन अभिषिक्तांची अपेक्षा आहे, जी जखऱ्याच्या जैतुनाच्या दोन झाडांशी सुसंगत आहे. जखऱ्याच्या ग्रंथाच्या अरामी भाषांतरात 'अंकुर' या शब्दाच्या जागी 'मसीहा' असाच शब्द घातला आहे. इ.स. 132 ते 135 या काळात रोमविरुद्ध उठाव करणाऱ्या शिमोन बार कोखबा याने आपल्या नाण्यांवर 'इस्रायलचा नासी' ही पदवी कोरली. बाबेलमध्ये राहिलेल्या ज्यू समाजाचे प्रमुख स्वतःला यहोयाकीनचे वंशज मानत.

ज्यूंच्या दैनंदिन 'अमीदा' प्रार्थनेत दाविदाचा अंकुर लवकर उगवावा, अशी स्वतंत्र विनंती आहे. इस्रायल राज्याच्या स्थापनेनंतर रचलेल्या राष्ट्रप्रार्थनेत त्या राज्याला मुक्तीच्या अंकुरण्याचा आरंभ म्हटले आहे. तेथे त्याच धातूपासून बनलेला शब्द योजलेला आहे. मसीहा येण्यापूर्वी मानवी प्रयत्नाने राज्य स्थापणे योग्य की अयोग्य, यावर धार्मिक ज्यूंमध्ये मतभेद आहेत.

ख्रिस्ती परंपरा

नव्या करारात ही भाकिते येशूच्या ठायी पूर्ण झाली, असे मानले आहे. मत्तय आणि लूक यांनी दिलेल्या वंशावळी अनेक ठिकाणी भिन्न असल्या तरी शल्तीएल आणि जरुब्बाबेल ही नावे दोन्हींत आहेत. मत्तय आपली वंशावळ तीन टप्प्यांत विभागतो आणि त्यांपैकी एक सीमा बाबेलच्या बंदिवासाची आहे. यहोयाकीनवरील शाप लक्षात घेता येशूचा राजवंशावरील हक्क कसा सिद्ध होतो, या प्रश्नाची चर्चा ख्रिस्ती भाष्यकारांनी केली आहे. जखऱ्यातील नम्र राजाचे वर्णन येशूच्या यरुशलेम-प्रवेशाला लावले जाते आणि 'झावळ्यांच्या रविवारी' ते चर्चमध्ये वाचले जाते.

मराठी भाषेत आणि महाराष्ट्रात

बायबल भाषांतरे

श्रीरामपूर (बंगाल) येथील विल्यम केरी यांच्या प्रयत्नांतून नव्या कराराचे मराठी भाषांतर 1811 मध्ये प्रसिद्ध झाले. 1813 मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशननेही भाषांतराचे काम हाती घेतले. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई यांनी हिब्रू व ग्रीक संहितांवरून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. सामान्य ग्रामीण स्त्रीला कळेल अशी सोपी मराठी वापरण्याचा त्यांचा आग्रह होता. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले आणि 1924 मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले. छपाईचे काम मिशनमधील स्त्रियांनी केले होते.

बेने इस्रायल समाज

या भाकितांशी मराठी भाषकांपैकी सर्वाधिक जुने नाते कोकणातील बेने इस्रायल या ज्यू समाजाचे आहे. आपले पूर्वज अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून पोहोचले, अशी या समाजाची परंपरा आहे. तेल गाळण्याच्या व्यवसायामुळे आणि शनिवारी काम बंद ठेवण्याच्या प्रथेमुळे त्यांना 'शनिवार तेली' म्हटले जाई. रोहेकर, पेणकर, किहीमकर, अष्टमकर अशी त्यांची आडनावे कोकणातील गावांवरून आली आहेत. मुंबईतील त्यांचे पहिले सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर (सामाजी हसाजी) यांनी 1796 मध्ये बांधले.

एकोणिसाव्या शतकात हिब्रू शिक्षणाचा प्रसार झाल्यावर प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे होऊ लागली. वल्हांडणाच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या 'हग्गादा'ची मराठी भाषांतरासह आवृत्ती मुंबईत 1846 मध्ये आणि सचित्र आवृत्ती पुण्यात 1874 मध्ये निघाली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी अनेक प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. 1880 च्या दशकापासून बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली. समाजात एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलीया, याला विशेष स्थान आहे. मलाखीच्या ग्रंथानुसार तो परमेश्वराच्या महान दिवसापूर्वी येणार आहे. पोहे, नारळ, साखर आणि फळे यांचा 'मलिदा' करून त्याचे स्मरण केले जाते. अलिबागजवळील खंडाळा येथे त्याच्या रथाची खूण उमटल्याची श्रद्धा आहे.

दैवी निवड आणि मानवी पुढाकार यांतील जुना प्रश्न या समाजापुढेही आला. 1897 मध्ये बाझेल येथे भरलेल्या पहिल्या झायनवादी परिषदेचे निमंत्रण मुंबईतील बेने इस्रायलांना मिळाले असता, समाज सियोनला परतण्यासाठी दैवी हस्तक्षेपाची वाट पाहत आहे, असे कळवून ते नाकारल्याची नोंद समाजाच्या इतिहासात आहे. 1948 नंतर मात्र समाजातील बहुसंख्य लोक टप्प्याटप्प्याने इस्रायलला स्थलांतरित झाले. तेथे 1960 च्या दशकाच्या आरंभी धर्मपीठाने त्यांच्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी करण्याचा निर्देश दिला. त्याविरुद्ध यरुशलेमेत आंदोलन झाले आणि 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेत बेने इस्रायल हे सर्व बाबतींत समान ज्यू असल्याची भूमिका घेण्यात आली. त्यानंतर धर्मपीठाने तो निर्देश बदलला.

इस्रायलमधील बेने इस्रायल समाजाने 'मायबोली' हे मराठी नियतकालिक चालवले आहे. महाराष्ट्रात राहिलेला समाज मुख्यतः मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगड जिल्ह्यात आहे. महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला.